‘शिसेविरहित’ नावाचा शेंदूर

गेल्या पावसाळ्यात एका विद्यापीठातल्या चर्चासत्रात पोस्टर बघत फिरत होतो. एका संशोधक मुलीने काचेच्या बाटलीत फिकट हिरवी पूड ठेवली होती. तिने अतिनील टॉर्च मारला आणि पूड अशी उजळली की आजूबाजूचे चार जण चहाचे कप घेऊन तिकडेच वळले. मँगनीज, ब्रोमीन आणि एक भलामोठा सेंद्रिय आयन, एवढंच त्यात होतं. पोस्टरच्या कोपऱ्यात हिरवं पान काढलेलं आणि खाली ठळक अक्षरांत ‘शिसेविरहित, पर्यावरणस्नेही’. एक ज्येष्ठ प्राध्यापक थांबले, पान बघून हसले आणि म्हणाले, “बाळ, खाली माझी गाडी उभी आहे, तिच्या बॅटरीत आठ-दहा किलो शिसं आहे. तुझ्या या चिमूटभर पुडीतून शिसं काढून तू नेमकं कोणाला वाचवलंस?” सगळे हसले. मुलगी चाचरत म्हणाली, “पण सर, शिसं विषारी असतं ना?” सर म्हणाले, “काय विषारी नसतं?” वाद तिथेच मिटला, कारण जेवणाची घंटा झाली.

मला दोघांचंही चुकलं असं वाटतं, आणि दोघांची चूक एकच आहे. दोघंही एकच मूलद्रव्य मोजत होते. एकीच्या मते ते नसलं की काम झालं, दुसऱ्याच्या मते ते असतंच एवढंसं, तर ओरड कशाला? ती पूड करते काय, हे कोणी विचारलंच नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वीज बनवणाऱ्या सौरघटात शिसं ठेवायचं की नाही, यावर वाद घालायला जागा आहे. पण प्रकाश देणाऱ्या हॅलाइडांत (धातूंची क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन अशा हॅलोजनांशी बनलेली मिठं), म्हणजे दिव्यांचे फॉस्फर (शोषलेला प्रकाश दुसऱ्या रंगात परत देणारी पूड), क्ष-किरणांचे पडदे, चमकणाऱ्या शाया यांत, शिशाची बहुतेक ठिकाणी गरजच नाही. तिथले शिसं नसलेले पदार्थ ही नाइलाजाने केलेली तडजोड नाही. त्या कामाला तेच जास्त लायक आहेत. आणि म्हणूनच त्यांना ‘शिसेविरहित’ या एका शब्दावर पास करून टाकणं मला पटत नाही. लायक उमेदवाराची परीक्षाही पूर्ण घ्यायला हवी.

हा वाद भरकटला तो सौरघटांमुळे. 2009 मध्ये जपानात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने शिसं, आयोडीन आणि मिथाइलअमोनियम यांचा स्फटिक वापरून सौरघट बनवला. त्याची कार्यक्षमता 3.8 टक्के होती. आज त्याच घराण्यातले घट प्रयोगशाळेत 26 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. सिलिकॉनला तेवढी मजल मारायला अनेक दशकं लागली होती. एवढं यश डोळ्यांसमोर असल्यावर त्या कुळातल्या प्रत्येक पदार्थाला शिशाच्या फूटपट्टीने मोजायची सवय लागली. गंमत अशी की जर्मनीत डीटर वेबर यांनी 1978 मध्ये हा शिशाचा स्फटिक बनवला, तेव्हाच त्याचा कथलाचा भाऊही बनवला होता. पुढे एक भाऊ शाळेत पहिला आला आणि दुसऱ्याची ओळख ‘पहिल्याचा भाऊ’ एवढीच उरली. कथील, तांबं, मँगनीज, अँटिमनी, इंडियम यांच्या हॅलाइडांवर आज जे शोधनिबंध निघतात त्यांतल्या पुष्कळांची सुरुवात ठरलेली असते: शिसं फार चांगलं, पण विषारी, म्हणून आम्ही हे केलं. म्हणजे लग्नाच्या बैठकीत मुलाची ओळख करून देताना त्याचा चुलतभाऊ किती हुशार होता हे आधी सांगायचं!

प्रत्यक्षात या पदार्थांचा स्वभावच वेगळा आहे, आणि तो समजला की अर्धा वाद गळून पडतो. शिशाच्या पेरोव्हस्काइटची, म्हणजे सौरघटातल्या त्या स्फटिकाच्या कुळाची, रचना गिरगावातल्या चाळीसारखी आहे. शिशाभोवती सहा हॅलोजन अशी एक एक खोली, आणि सगळ्या खोल्या कोपऱ्याला कोपरा लावून उभ्या. प्रकाशाने जागा झालेला इलेक्ट्रॉन कॉमन गॅलरीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. सौरघटाला नेमकं हेच हवं असतं, कारण त्या इलेक्ट्रॉनला बाहेर काढून तारेत घालायचं असतं. आता या स्फटिकात मोठाले सेंद्रिय आयन कोंबा. खोल्या एकमेकींपासून तुटतात, चाळ मोडते आणि शेतात दूरदूर विखुरलेल्या वस्त्या तयार होतात. प्रत्येक वस्तीवर एक धातू, त्याच्याभोवती चार-सहा हॅलोजन, आणि मध्ये सेंद्रिय आयनांचं रान. इथे जागा झालेला इलेक्ट्रॉन कुठे जाणार? तो जिथे जागा झाला तिथेच राहतो. कथलासारख्या पदार्थांत तो भोवतालची रचना थोडी वाकवतो, त्या खड्ड्यात स्वतःच अडकतो आणि जाताना आपली ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो. मँगनीजमध्ये तर धातूच्या आयनाच्या आतल्या आतच सगळा व्यवहार होतो. ‘हायब्रीड मेटल हॅलाइड’, म्हणजे धातूचं हॅलाइड आणि सेंद्रिय आयन यांचा संकर, या नावाने जी मंडळी आज चमकत आहेत, त्यांतली बरीचशी अशी वस्तीवरची आहेत.

सौरघटाच्या दृष्टीने हा दोष झाला. दिव्याच्या दृष्टीने? चाळीत इलेक्ट्रॉन भटकता भटकता कुठल्या तरी दोषात अडकून उष्णता होऊन जाण्याची भीती असते. वस्तीवर ती कमी. शिवाय कथलासारख्या पदार्थांत शोषलेला प्रकाश आणि बाहेर पडलेला प्रकाश यांच्या रंगांत मोठं अंतर पडतं, त्यामुळे पदार्थ आपणच दिलेला प्रकाश आपणच गिळत नाही. 2018 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात बिवू मा यांच्या गटाने कथील आणि ब्रोमीन यांचा असा एक हायब्रीड पदार्थ मांडला, जो शंभर फोटॉन शोषून 95 च्या आसपास परत देतो. त्याआधी, 2017 मध्ये, चीनमधल्या झोंग-निंग चेन यांच्या गटाने मँगनीज ब्रोमाइडचा हिरवा पदार्थ दाखवला होता, त्याचा आकडा 98. पोस्टरवरच्या मुलीची पूड याच घरातली. या आकड्यांना आता वर जायला जागाच उरलेली नाही. मग हे पदार्थ शिशाची उणीव भरून काढतात, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

इथे नावाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. महाराष्ट्रात रस्त्याकडेला ‘रेडियम’ची दुकानं असतात. नंबरप्लेट, ट्रकमागची नक्षी, ‘आई-बाबांचा आशीर्वाद’, सगळं रेडियममध्ये कापून मिळतं. त्यात रेडियमचा कणही नसतो. हेडलाइटचा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणारा तो प्लास्टिकचा कागद असतो. पण शंभर वर्षांपूर्वी घड्याळाच्या काट्यांना खरंच रेडियमचा रंग दिला जात होता. अमेरिकेतल्या कारखान्यांत मुली ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करत आणि तो रंग त्यांच्या जबड्याच्या हाडांत जाऊन बसला. तेव्हा ते नाव आरोग्याची जाहिरात करायला वापरलं जात होतं. वस्तू घातक आणि नाव मंगल, असा तो काळ. आता आपल्याकडे वस्तू निरुपद्रवी आणि नाव घातक. नाव आणि वस्तू यांचा संबंध एवढा सैल असतो. ‘शिसेविरहित’चंही तेच होऊ लागलंय. दगडाला शेंदूर फासला की देव होतो, तशी पुडीला ही चिठ्ठी लावली की ती पर्यावरणस्नेही होते. आणि मारुतीला पिढ्यान्‌पिढ्या फासला गेलेला तो पारंपरिक शेंदूर कशाचा असतो? शिशाच्या ऑक्साइडचा.

आता प्राध्यापकांचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या शिशाच्या पेरोव्हस्काइटचा थर घेतला, तर एका चौरस मीटरमध्ये एका ग्रॅमपेक्षाही कमी शिसं असतं. कागद-पेन्सिलीने होणारा हिशेब आहे. दुसरीकडे, युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या 2020 च्या अहवालानुसार भारतात सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आहे. ते काही टीव्हीच्या पडद्यातून आलेलं नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणाऱ्या भट्ट्या, रंग, भांडी, मसाल्यांतली भेसळ अशा वाटांनी ते आलं. पूर्वी पेट्रोलमधूनही येत होतं. तो दरवाजा भारताने 2000 साली बंद केला. ज्या देशापुढे हे सगळं पडलंय, त्याने प्रयोगशाळेतल्या ग्रॅमभर शिशाची चिंता करत बसावं का, हा प्रश्न रास्तच आहे.

पण बॅटरीचं शिसं आणि या पडद्यातलं शिसं यांत दोन फरक आहेत, आणि प्राध्यापकांनी दोन्ही सोडून दिले. पहिला फरक पाण्याचा. शिशाचं आयोडाइड पाण्यात विरघळतं, लिटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. हजारो पटींचा फरक आहे हा. 2020 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात पुदिन्याच्या रोपांना पेरोव्हस्काइटमधलं शिसं दिलं, तेव्हा जमिनीत इतर वाटांनी आलेल्या शिशाच्या तुलनेत ते वनस्पतीत दहापट जास्त गेलं. कारण ते मिठासारखं असतं. वितळलेल्या गोळ्यासारखं एका जागी पडून राहत नाही. दुसरा फरक भंगारवाल्याचा, आणि माझ्या मते तो जास्त मोठा. बॅटरीतल्या आठ-दहा किलो शिशाला भाव आहे. म्हणून भंगारवाला दारात येऊन ती मागतो, पैसे मोजून नेतो. पुढे ती कुठे आणि कशी वितळते ही वेगळी आणि लाजिरवाणी गोष्ट आहे, पण ती रस्त्यावर पडून राहत नाही. पडद्याच्या थरातल्या चिमूटभर शिशासाठी कोण येणार? ते गोळा करण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या कित्येक पट. शिसं थोडं आहे, हा प्राध्यापकांच्या बचावाचा सगळा आधार. पण थोडं आहे म्हणूनच ते कधी परत येणार नाही. देवनारच्या ढिगाऱ्यात जाईल आणि चार पावसाळे धुऊन निघेल.

यावर उत्तर येतं ते बंदिस्त करण्याचं. काचेत, रेझिनमध्ये घट्ट बंद करा, फुटलं तरी शिसं धरून ठेवणारे थर लावा. हेही खरं आहे. 2020 मध्येच सौरघटाच्या दोन्ही बाजूंना शिसं शोषणारे थर लावून 96 टक्क्यांहून जास्त गळती अडवल्याचं ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. सौर पॅनलसाठी मी हे मान्य करतो. पॅनल मोठं असतं, एका जागी पंचवीस वर्षं बसतं, त्याला मालक असतो, अनुक्रमांक असतो, कंपनीला परत घ्यायला भाग पाडता येतं. आयआयटी मुंबईत सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवून टँडम सौरघट बनवण्याचं काम चाललंय. तिथून शिसं आजच काढा असं मी म्हणणार नाही, कारण त्या कामात शिशाची बरोबरी करणारं अजून कोणी नाही आणि बदल्यात मिळणारी वीज मोठी आहे. पण चमकणाऱ्या पदार्थांचं आयुष्य असं नसतं. ते बल्बमध्ये जातात, खेळण्यात जातात, नोटांवरच्या आणि औषधाच्या डब्यांवरच्या गुप्त शाईत जातात, मोबाइलच्या कव्हरवर जातात. यातल्या कशाला तुम्ही शोषक थर लावणार आहात? गणपतीत पाच रुपयांना मिळणाऱ्या चमकत्या बांगडीला?

इथवर मी शिशाच्या विरोधात बोललो. आता उलट बाजूचा सगळ्यात जड मुद्दा घेतो, कारण शिसेविरहित गटातली मंडळी त्याच्याकडे बघतच नाहीत. शिसं काढून तुम्ही घालता काय? 2016 मध्ये झेब्राफिश माशांवर शिशाचं आणि कथलाचं आयोडाइड तपासलं गेलं, तेव्हा कथलाचं जास्त मारक ठरलं. कथील स्वतः फार वाईट आहे म्हणून नव्हे. कल्हईच्या भांड्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या जेवलो आहोत. त्याचं आयोडाइड पाण्यात फुटून पाणी आम्लधर्मी करतं, म्हणून. म्हणजे धातू गरीब आणि त्याचं मीठ जहाल. तांब्याच्या आयोडाइडांतला एक सिझियमचा पदार्थ क्ष-किरणांसाठी फार नावाजला गेलाय. त्याचा उजेड वाढवायला त्यात काय घालतात? थॅलियम. शिशाची भीती वाटते म्हणून थॅलियम, जे शिशाहूनही जहाल विष! याला आपल्याकडे आगीतून फुफाट्यात म्हणतात. (न्यायाने सांगायचं तर बाजारात आज चालणाऱ्या क्ष-किरण पडद्यांतही सिझियम आयोडाइड आणि थॅलियम हीच जोडी असते. पण त्या पडद्यांवर कोणी हिरवं पान काढत नाही.) मँगनीज तरी कुठे निर्दोष आहे? मँगनीजचं ऑक्साइड दळणाऱ्या कामगारांची चाल बिघडते, पाय अडखळतात, हे स्कॉटलंडमध्ये जॉन कूपर यांनी 1837 मध्येच नोंदवलंय. आणि धातूंच्या या चर्चेत ‘हायब्रीड’मधल्या दुसऱ्या अर्ध्याला कोणी विचारतच नाही. त्या मँगनीजच्या पुडीत धातूपेक्षा सेंद्रिय भागाचं वजन कितीतरी जास्त असतं. त्यात नेहमी वापरला जाणारा टेट्राफिनाइलफॉस्फोनियम हा आयन पेशीत शिरून थेट मायटोकाँड्रियात साठतो. जीवशास्त्रज्ञ त्याच गुणासाठी त्याचा उपयोग करतात. नदीत गेल्यावर तो तिथल्या जिवांशी कसा वागतो हे पोस्टरवर कुठे होतं?

दिव्यांच्या इतिहासात हे एकदा घडून गेलंय. ट्यूबलाइट नवी होती तेव्हा तिच्या आत झिंक बेरिलियम सिलिकेटचा फॉस्फर असायचा. प्रकाश छान पडायचा. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी दिव्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण बायकांना फुप्फुसांचा विचित्र आजार होऊ लागला. हॅरिएट हार्डी या डॉक्टरीण बाईंनी 1946 मध्ये आपल्या सहकाऱ्यासह त्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि 1949 मध्ये बेरिलियम दिव्यांतून गेलं. त्याच्या जागी आलेला कॅल्शियम हॅलोफॉस्फेट ब्रिटनमध्ये 1942 मध्येच सापडला होता, आणि पुढची कित्येक दशकं आपल्या घराघरांत तोच जळला. या गोष्टीत मला दोन गोष्टी दिसतात. बेरिलियमचं विष दिवा वापरणाऱ्याने भोगलं नाही. ज्या बायकांनी तो दिवा बनवला त्यांनी भोगलं. आजच्या चर्चेत मात्र ग्राहकाचा विचार होतो, फार तर कचऱ्याचा, कारखान्यातल्या पुडीचा कोणी करत नाही. आणि दुसरं म्हणजे, बेरिलियमला हटवता आलं ते त्याच्यापेक्षा स्वस्त आणि कामाला चांगला पदार्थ हाताशी होता म्हणून. नुसत्या भीतीवर उद्योग बदलत नाहीत. म्हणूनच नव्या पदार्थांची बाजू ‘ते शिसं नाहीत’ या मुद्द्यावर लढवणं मला धोक्याचं वाटतं. ती ‘ते अमुक काम चांगलं करतात’ यावर लढवली पाहिजे.

मग कुठलं काम? सगळी नाहीत, हे आधी कबूल करू. टीव्हीच्या पडद्याला शुद्ध रंग लागतो, म्हणजे अगदी अरुंद पट्ट्यातला प्रकाश. शिशाचे सिझियमवाले नॅनोस्फटिक जवळपास 20 नॅनोमीटरच्या पट्ट्यात हिरवा देतात. कथील किंवा अँटिमनीच्या वस्तीवाल्या पदार्थांचा पट्टा शंभर नॅनोमीटर किंवा त्याहून रुंद असतो. घरातल्या दिव्याला रुंद पट्टा चांगला, कारण सूर्यप्रकाशही असाच पसरट असतो आणि भाजी भाजीच्या रंगाची दिसते. पडद्याला तो कुचकामी. दुसरी अडचण विजेची. ज्या एलईडीत पदार्थातूनच वीज सोडायची असते, तिथे वस्तीवर वीज पोचवायला रस्ताच नसतो. तिसरी, यांतले पुष्कळ पदार्थ अतिनील प्रकाशानेच जागे होतात. बाजारात स्वस्त मिळते ती निळी एलईडी, 450 नॅनोमीटरची. तिच्यासमोर त्या सिझियमवाल्या तांब्याच्या आयोडाइडची पूड ढिम्म बसून राहते. मँगनीज मात्र निळ्यालाही जागं होतं. हे फरक शोधनिबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात ‘भविष्यात दिव्यांसाठी उपयुक्त’ या सरसकट वाक्याखाली झाकले जातात, आणि मग प्राध्यापकांसारखी माणसं सगळ्यालाच हसतात. त्यांचं तरी काय चुकलं?

पण ‘आज जमत नाही’ आणि ‘कधीच जमणार नाही’ यांतला फरकही विसरून चालणार नाही. कॅडमियमच्या क्वांटम डॉटचं, म्हणजे पडद्याला शुद्ध रंग देणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं, उदाहरण घ्या. युरोपने विद्युत उपकरणांत कॅडमियमवर 0.01 टक्क्याची मर्यादा घातली, आणि पडद्यांसाठी सवलत मिळावी म्हणून वर्षानुवर्षं खल चालला. म्हणणं हेच होतं की कॅडमियमशिवाय असा रंग मिळत नाही, इंडियम फॉस्फाइड फार मागे आहे. 2019 मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी इंडियम फॉस्फाइडचे असे डॉट दाखवले की शोषलेला जवळजवळ प्रत्येक फोटॉन परत येत होता आणि एलईडीची क्षमता 21 टक्क्यांच्या वर होती. मर्यादा नसती तर त्या मागच्या बाकावरच्या मुलावर एवढी मेहनत कोणी घेतली असती? हॅलाइडांतही 2023 मध्ये कथलाच्या लाल एलईडीने 20 टक्के ओलांडल्याचं ‘नेचर’मध्ये आलं. जुळा भाऊ हळूहळू का होईना, वर्गात पुढे सरकतोय.

आणि एक जागा अशी आहे जिथे वाट बघायचीही गरज नाही. 8 नोव्हेंबर 1895 ला रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले ते कशामुळे? अंधाऱ्या खोलीत बेरियम प्लॅटिनोसायनाइड लावलेला पडदा अचानक उजळला म्हणून. क्ष-किरणांचा शोध हा मुळात एका चमकणाऱ्या पुडीचा पराक्रम आहे. आजही क्ष-किरण डोळ्याला किंवा कॅमेऱ्याला दिसायचे तर मध्ये अशी पूड लागतेच. ती जितकी उजळ, तितका रुग्णाला डोस कमी. 2020 मध्ये बिवू मा यांच्याच गटाने मँगनीज ब्रोमाइडचा एक हायब्रीड पदार्थ मांडला, जो क्ष-किरणांच्या एका मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला सुमारे 80,000 फोटॉन देतो. प्रचलित सिझियम आयोडाइड आणि थॅलियमच्या जोडीचा आकडा 54,000 च्या आसपास. तो द्रावणातून वाढवता येतो, प्लास्टिकमध्ये मिसळून वाकणारा पडदा करता येतो. छातीचा, हाडाचा साधा एक्स-रे काढायला हे पुरेसं आहे. सीटी स्कॅनला चालणार नाही, कारण मँगनीजचा उजेड मावळायला शेकडो मायक्रोसेकंद घेतो आणि सीटीला तेवढा धीर नसतो. पण तालुक्याच्या दवाखान्याला आधी साधा, स्वस्त, कमी डोसाचा एक्स-रेच हवा आहे. (मँगनीज म्हटलं की आपल्याकडे भंडाऱ्यातली डोंगरी बुजुर्ग आणि नागपूरकडच्या मनसर, कांद्रीच्या खाणी आठवतात. या पडद्यांना लागतं ते चमच्याने मोजण्याएवढं, तेव्हा यातून विदर्भाचा कायापालट होईल असं कोणी भाषणात सांगितलं तर शांतपणे चहा प्यावा.)

टिकाऊपणाचं काय, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो बरोबर आहे. ही सगळी शेवटी मिठं आहेत. हवेतलं पाणी ओढतात. शोधनिबंधांत ‘सामान्य हवेत स्थिर’ असं लिहिलेलं असतं. कुठली सामान्य हवा? हिवाळ्यातल्या बंद, गरम केलेल्या प्रयोगशाळेची की आषाढातल्या देवरुखची, जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते? उद्योगात 85 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रतेत हजार तासांची चाचणी नेहमीची आहे. आपल्या विद्यापीठांतून येणाऱ्या निबंधांनी ती वगळावी याचं मला नवल वाटतं, कारण त्या चाचणीची निम्मी सोय निसर्गाने आपल्याला फुकट दिली आहे. पुण्याच्या आयसरमध्ये अंशुमन नाग यांच्या गटाने शिसं नसलेल्या दुहेरी पेरोव्हस्काइटमध्ये (शिशाच्या जागी दोन वेगळे धातू आलटून पालटून) बिस्मथसोबत एर्बियम, यटर्बियम घालून अवरक्त प्रकाश मिळवलाय. ते पदार्थ पूर्ण अकार्बनी आहेत, त्यांत नाजूक सेंद्रिय भाग नाही. म्हणजे ‘हायब्रीड’ हाही काही देव नाही. काम भागत असेल तर तोही सोडावा.

राहता राहिला कायदा. युरोपच्या 2006 पासून लागू झालेल्या नियमांत शिशाची मर्यादा वजनाच्या 0.1 टक्के आहे आणि भारताच्या ई-कचरा नियमांतही तेवढीच. शिशाच्या पेरोव्हस्काइटमध्ये वजनाने तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास शिसं असतं, म्हणजे तो नापास. पण तोच पदार्थ भरपूर प्लास्टिकमध्ये मिसळून फिल्म केली की टक्केवारी खाली येते आणि तो पास. दुधात पाणी घालून भेसळ लपवण्यासारखंच हे, फक्त इथे पाणी घालणं नियमात बसतं. उलट थॅलियमचं नाव त्या यादीतच नाही, त्यामुळे तो परीक्षेला बसल्याशिवायच पास. टक्के मोजणारा कायदा शेंदूर बघतो, दगड बघत नाही. माझी मागणी साधी आहे: चमकणारी कुठलीही वस्तू बाजारात आणताना तिचा एक ग्रॅम एक लिटर पाण्यात दिवसभर हलवून काय काय आणि किती बाहेर आलं, ते लिहा. धातू लिहा, सेंद्रिय भागही लिहा. मग त्यात शिसं असो, कथील असो की आणखी काही. शिशाच्या बहुतेक हॅलाइडांना ही परीक्षा जड जाईल याची मला खात्री आहे, म्हणून त्यांना वेगळी बंदी घालायचीही गरज पडणार नाही. आणि शिसेविरहितांतलेही काही गळतील. गळू देत.

त्या मुलीला जेवणाच्या रांगेत गाठून मी एवढंच म्हटलं होतं की पान काढून टाक आणि पाण्याचा आकडा घाल. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पूड तयार आहे, तपासणीसाठी उपकरणावर वेळही मिळालाय, फक्त सर, पाणी कुठलं घेऊ, डिस्टिल्ड चालेल ना?

बाहेर पाऊस लागलाच होता. पागोळ्यांखाली बादली लाव, म्हटलं.